झाड लावण्याआधी खड्ड्याचे झाकण शोधा

मृग लागला की आपले हात झाड लावायला शिवशिवतात. शाळेतून मुले रोप घेऊन येतात, ग्रामपंचायतीत रोपवाटप होते, माहेराहून येताना कुणी चाफ्याची फांदी पिशवीत घालून आणते. मग प्रश्न पडतो, लावायचे कुठे? बहुतेक घरांत उत्तर एकच असते : संडासाच्या मागे. तिथे जागा मोकळी असते, माती ओली असते, झाड वाढले की आडोसाही होतो. म्हणून आज मी त्याच जागेबद्दल बोलणार आहे. त्या मातीच्या खाली आपल्या घरातली एक महत्त्वाची वस्तू पुरलेली आहे, आणि ती कुठे आहे हे घरातल्या निम्म्या माणसांना आठवत नाही.

२ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झाले. त्यानंतर गावोगाव शौचालये झाली, पात्र कुटुंबांना १२ हजार रुपये प्रोत्साहन अनुदान मिळाले. त्याआधी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातही अनेकींनी शौचालये बांधून घेतली होती. बांधले तेव्हा खड्डे कुठे खणले हे सासूबाईंना माहीत होते, गवंड्याला माहीत होते. पुढे अंगण सारवले गेले, वर माती पडली, घरात नवी सून आली. तिला वरची खोली दिसते, खालचा खड्डा दिसत नाही. ती हौसेने झाड लावते. झाड चार-पाच वर्षे छान वाढते. मग एका पावसाळ्यात संडासातले पाणी उतरेनासे होते.

संडास बंद पडला की त्रास कुणाला होतो, ते मी सांगायला नको. पुरुष माणूस रानात जाऊन येतो. बाईला पहाटेच्या अंधाराची वाट बघावी लागते. वयात आलेली मुलगी दिवसभर पाणी कमी पिते. घरात बाळंतीण असेल, गुडघे धरलेली आजी असेल, तर विचारूच नका. म्हणून अंगणात कुठले झाड कुठे लावायचे, हा नुसता शोभेचा विषय नाही.

आपल्या जमिनीखाली काय आहे?

आपल्याकडे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला दोन शोषखड्ड्यांचा. संडासाच्या मागे एक छोटा चेंबर असतो, त्यातून दोन वाटा फुटतात आणि दोन गोल खड्ड्यांना जातात. खड्डा साधारण मीटरभर रुंद आणि मीटरभर खोल असतो. आतले विटांचे बांधकाम जाळीचे असते, म्हणजे विटांमध्ये मुद्दाम भोके ठेवलेली असतात. पाणी त्या भोकांतून मातीत मुरते, मैला आत राहून कुजतो. पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा भरायला साधारण तीन ते पाच वर्षे लागतात. भरला की चेंबरमध्ये त्याचे तोंड बंद करायचे आणि दुसरा सुरू करायचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षे तसाच राहू दिला की आतल्या मैल्याचे सोनखत होते. ते काढले की खड्डा पुन्हा वापरायला तयार.

दुसरा प्रकार सेप्टिक टँक. ही बांधलेली बंद टाकी. आत दोन-तीन कप्पे असतात. गाळ तळाला बसतो आणि वरचे पाणी पाइपाने बाहेर शोषखड्ड्यात जाते. दर दोन-तीन वर्षांनी यातला गाळ गाडी बोलावून उपसावा लागतो.

तिसरा प्रकार म्हणजे न्हाणीच्या आणि भांडी घासायच्या पाण्याचा शोषखड्डा. यात मैला नसतो, साबणाचे आणि खरकट्याचे पाणी असते. याच्याजवळ काय लावायचे याचा नियम वेगळा आहे, तो पुढे सांगते.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. खड्डा एकदा पुरला आणि विसरला असे चालत नाही. तो कधी ना कधी उघडावा लागतो. म्हणून त्याच्या झाकणापर्यंत माणसाला, फावड्याला किंवा गाडीच्या नळीला पोहोचता आले पाहिजे.

मुळे खड्ड्यात जातात कशी?

मुळाला पाण्याचा वास येतो, असे आपण म्हणतो. तसे काही नसते. मुळे सगळीकडे थोडी थोडी पसरतात, आणि जिथे ओल, हवा आणि खत मिळते तिथे त्यांना भराभर फाटे फुटतात. खड्ड्याभोवतीच्या मातीत हे सगळे बारा महिने मिळते. उन्हाळ्यात बाकीचे अंगण भेगाळते तेव्हा तर तेवढीच जागा ओली असते.

दुसरा गैरसमज असा की झाडाची मुळे सरळ खाली खोल जातात, त्यामुळे आजूबाजूला धोका नाही. बहुतेक झाडांची जास्तीत जास्त मुळे वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. म्हणजे आपला पाइप आणि खड्डा ज्या थरात आहे, नेमक्या त्याच थरात.

मूळ चांगला पाइप फोडून आत शिरत नाही. जिथे सांधा कच्चा आहे, जिथे तडा गेला आहे, तिथून केसाएवढे तंतू आत जातात. आत गेल्यावर ते जाड होतात, फाटे फोडतात, आणि वरून येणारे सगळे त्यांच्यात अडकते. आमच्या भागातल्या एका घरी सेप्टिक टँकपासून चार हातांवर रबराचे झाड होते. गवंड्याने पाइप कापला तेव्हा आतून मुळांचा झुबका निघाला, लांबलचक वेणीसारखा. पाइप तर नवा होता, फक्त सांध्याला सोल्युशन नीट लावले नव्हते.

जाळीच्या खड्ड्याचे तर याहून अवघड आहे. तिथे तडा शोधायची गरजच नाही, भोके आपणच ठेवलेली आहेत. मोठ्या झाडाची मुळे त्या भोकांतून आत येतात, पुढे जाड होऊन विटा ढकलतात, झाकण तिरके करतात. खड्डा रिकामा करायची वेळ येते तेव्हा फावडे चालत नाही, कारण आत मुळांचे जाळे झालेले असते.

इथे सगळ्यात गंभीर गोष्ट सांगते. टाकी मुळांनी तुंबली की गाडीच्या नळीने काम होत नाही. मग कुणाला तरी पैसे देऊन आत उतरवायचा विचार सुरू होतो. तो कधीही करू नका. बंद टाकीत विषारी वायू साठलेला असतो. आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवून साफसफाई करून घेण्यावर बंदी आहे. आपण हौसेने चुकीच्या जागी लावलेले झाड दहा वर्षांनी एखाद्या गरिबाला त्या खड्ड्यात उतरायला लावू शकते. झाड लावतानाच हा विचार मनात हवा.

अंतराचा सोपा हिशेब

लक्षात ठेवायला एकच गोष्ट सांगते. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, निदान तेवढे अंतर खड्ड्यापासून, टाकीपासून आणि पाइपापासून ठेवा. रोप आज किती आहे ते बघायचे नाही, झाड उद्या किती होईल ते बघायचे.

अगदी जवळ, म्हणजे झाकण सोडून दोन-चार फुटांवर, फक्त मऊ आणि उथळ मुळांची रोपे लावा. गुलबक्षी, अबोली, झेंडू, लिली, शेवंती, दूर्वा. मातीवर हिरवे आच्छादन राहिले की पावसात माती वाहून जात नाही, ते चांगलेच आहे.

पाच-सहा फुटांवर झुडपे चालतात. मोगरा, कुंद, तगर, अनंत, जास्वंद. दरवर्षी छाटणी करा, फुलेही जास्त येतील आणि मुळेही आवरात राहतील.

बारा ते पंधरा फुटांवर लहान झाडे. पारिजातक छाटत राहिले तर दहा-बारा फुटांवर राहतो. देवचाफा, डाळिंब, कढीपत्ता हीसुद्धा या गटातली. कढीपत्त्याला मुळांतून फुटवे येतात, ते काढत जा.

पंचवीस-तीस फुटांवर मध्यम झाडे. यात माझी पहिली पसंती ताम्हणीला. ताम्हण हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, ऐन उन्हाळ्यात जांभळे घोस येतात. बहावा आणि कांचन हीसुद्धा अंगणाची शोभा. सोनचाफा रोपवाटिकेत हातभर दिसतो, पण कलमी नसेल तर त्याचा मोठा वृक्ष होतो. म्हणून घेताना कलम आहे का ते विचारा.

आता अंगणात नकोच अशी झाडे. वड, पिंपळ, उंबर, रबर आणि फायकस नावाने मिळणारी शोभेची झाडे ही सगळी एकाच कुळातली, त्यांची मुळे भिंतीला दाद देत नाहीत. गुलमोहर दिसतो देखणा, पण त्याची मुळे उथळ आणि रुंद पसरतात आणि वादळात तो आडवा होतो. निलगिरी, सुबाभूळ, वर्षावृक्ष आणि बांबूचे बेटही नको. आकाशनिंब, ज्याला आपण बुचाचे झाड म्हणतो, त्याला मुळांतून जागोजागी फुटवे येतात आणि फांद्या चटकन मोडतात. कोनोकार्पस नावाचे झाड कुंपणाला लावायला अलीकडे स्वस्तात मिळते, लवकर हिरवेगार होते. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याची लागवड थांबवली. जमिनीखालच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांना त्याच्या मुळांनी होणारे नुकसान हे त्यामागचे एक कारण होते.

कुणी म्हणेल, मोठे झाड पन्नास फुटांवर लावू की. जरा हिशेब करा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. एका कोपऱ्यात खड्डा आणि बरोबर समोरच्या तिरप्या कोपऱ्यात झाड लावले तरी मधले अंतर ४७ फुटांच्या आत राहते. त्यात घर उभे आहे ते वेगळेच. म्हणजे गुंठा-दोन गुंठ्यांच्या अंगणात वड बसतच नाही. वटपौर्णिमेला वडाचे रोप लावायची इच्छा असेल तर खुशाल लावा, पण गायरानात, तळ्याच्या काठी, देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत. गटाने मिळून पाच रोपे लावली आणि आळीपाळीने पाणी घातले तर ती जगतीलही आणि कुणाच्या घराला त्रासही होणार नाही.

बैठकीत नेहमी येणारे प्रश्न

“खड्ड्यात एवढे खत आहे, मग झाड तिथेच का नको?” हा प्रश्न चुकीचा नाही. आफ्रिकेतल्या काही देशांत उथळ खड्डा भरला की संडासाची खोली उचलून दुसरीकडे नेतात आणि जुन्या खड्ड्यावर माती टाकून झाड लावतात. पण त्यांचा तो खड्डा पुन्हा वापरायचा नसतो. आपले दोन खड्डे आलटून पालटून वापरायचे आहेत. त्यावर झाड लावले तर पुढच्या पाळीला खड्डा कुठून आणणार? त्यापेक्षा उलटे करा. झाड लांब ठेवा आणि खत झाडाकडे न्या. खड्डा बंद करून दोन वर्षे पूर्ण झाली की सोनखत कोरडे, मातीसारखे होते, त्याला वास येत नाही. हातमोजे घालून काढा, उन्हात वाळवा आणि पाटीने नेऊन फुलझाडांच्या आळ्यात घाला. कच्च्या खायच्या भाजीला घालू नका.

“केळ आणि नारळ चालतो का?” न्हाणीच्या पाण्याला केळ, कर्दळ, सोनटक्का उत्तम. ही झाडे पाणी भरपूर पितात आणि डबके साचू देत नाहीत. नारळही न्हाणीच्या पाण्यावर चांगला येतो. पण मैल्याच्या खड्ड्यापासून नारळ पंधरा फूट तरी लांब हवा. त्याची मुळे जाड होत नाहीत, तरी बारीक मुळांचा गठ्ठा फार मोठा असतो, आणि वरून नारळ पडून झाकण फुटते ते वेगळेच. मैल्याच्या खड्ड्याजवळ अळू, पालक, मुळा, कोथिंबीर असले काही लावू नका.

“आडोशाला कण्हेर लावू का?” कण्हेर कमी पाण्यावर येते, पण तिचे पान, फूल, चीक सगळे विषारी. पिवळी बिट्टीही तशीच. घरात शेळ्या असतील, लहान मुले असतील, तर आडोशाला जास्वंद किंवा तगर लावा.

“खड्ड्यावर कुंड्या ठेवल्या तर?” हलक्या कुंड्या चालतील, मात्र झाकण उघडताना उचलता आल्या पाहिजेत. सिमेंटचे तुळशीवृंदावन झाकणावर बांधू नका. जाळीच्या खड्ड्यावर रोज पाणी घालू नका आणि छपराच्या पागोळ्याही तिथे पडू देऊ नका. पाणी जास्त झाले की ते मुरायला जागा उरत नाही.

“झाकणाच्या फटीत आपोआप पिंपळ उगवलाय, तो उपटू का?” पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येते आणि पिंपळ, उंबर फटीत रुजतात. अनेकींना पिंपळाला हात लावायला मन धजत नाही. मग असे करा : रोप वीतभर आहे तोवरच, पाऊस पडून माती मऊ झाली की मुळासकट अलगद काढा आणि देवळाच्या आवारात नेऊन लावा. उशीर केला तर मूळ सिमेंटच्या आत जाते, आणि मग नुसते वरून तोडले तर पुन्हा फुटते.

आधीच झाड लावले असेल तर?

लगेच कुऱ्हाड काढू नका. आधी खुणा बघा. भांड्यातले पाणी हळूहळू उतरते का? पाणी टाकल्यावर बुडबुड आवाज येतो का? खड्ड्याभोवतीची माती उन्हाळ्यातही ओली राहते का, झाकण एका बाजूने उचलले गेले आहे का? यातले काही दिसले तर चेंबर उघडून बघा, मुळे बहुधा तिथेच दिसतात. चेंबर उघडताना विडी, काडी, दिवा जवळ नको. फक्त भर पावसाळ्यात पाणी उतरत नसेल तर झाडाला दोष देऊ नका. जमिनीतले पाणी वर आले की शोषखड्डे मंद होतातच.

मोरचूद किंवा ॲसिड ओतून मुळे जाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने आतले कुजवणारे जिवाणू मरतात आणि ते पाणी जमिनीत उतरते. जवळ विहीर किंवा हातपंप असेल तर धोका आपल्याच पाण्याला.

झाड लहान असेल तर पावसाळ्यात मातीच्या गड्ड्यासकट दुसरीकडे हलवा. मध्यम असेल तर झाड आणि खड्डा यांच्यामध्ये दोन-तीन फूट खोल चर खणून बारीक मुळे कापा आणि चरात फरशी उभी लावा. काही वर्षे तरी अडथळा होतो. जाड मुळे एका बाजूने कापू नका, झाड घरावर कलंडेल. झाड खूप मोठे असेल तर झाडाला त्याच्या जागी राहू द्या आणि नवा खड्डा लांब खणा. बहुतेक वेळा तेच स्वस्त पडते. आंबा, चिंच, जांभूळ, फणस अशी झाडे तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तेव्हा आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा.

या आठवड्याच्या बैठकीत एवढे करा

प्रत्येकीने वहीच्या एका पानावर आपल्या घराचा नकाशा काढा. घर, संडास, मागचा चेंबर, दोन्ही खड्डे किंवा टाकी, पाइप कुठून जातो, न्हाणी, विहीर किंवा बोअर, वरून जाणारी विजेची तार, शेजाऱ्याची भिंत. अंतर पावलांनी मोजा, साधारण एक पाऊल अडीच फूट धरा. खड्डा सापडत नसेल तर संडासाच्या मागे चेंबर शोधा आणि तिथून पुढे पहारीने हळू ठोकत जा, पोकळ आवाज येतो. बांधलेला गवंडी गावातच असेल तर त्याला एक चहा पाजा, तो जागा दाखवील. कोणता खड्डा सध्या चालू आहे आणि दुसरा कोणत्या महिन्यात बंद केला, तेही त्याच पानावर लिहा.

मग नकाशावर रंगीत खडूने गोल करा : इथे मोगरा, इथे पारिजातक, इथे ताम्हण. जिथे झाकण आहे तिथून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी ठेवा. ते पान गटाच्या वहीत नको, घरातल्या रेशनकार्डाबरोबर ठेवा. सून आली की तिला दाखवा, मुलीलाही दाखवा. घरात कुठे काय आहे हे बाईला माहीत असते असे म्हणतात, त्यात जमिनीखालचेही आले पाहिजे.

यंदा नकाशा काढून लावलेले पारिजातकाचे रोप दोन-तीन पावसाळ्यांत फुलायला लागेल. त्याच सुमारास कुणाच्या तरी घरचा पहिला खड्डा उघडायची वेळ आलेली असेल. झाकण सहज निघेल, खत सुटे निघेल, आणि त्यातली पाटीभर पारिजातकाला मिळेल.

तुमच्या अंगणाबद्दल काही विचारायचे असेल तर गटाच्या अध्यक्ष ताईंकडे चिठ्ठी द्या, पुढच्या भागात उत्तर देईन.